सरोवरावरचा बर्फ वसंतात बुडत नाही
कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तरेला, जिथे मासेमारीच्या कित्येक लॉजपर्यंत रस्ता नसून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानेच जावे लागते, तिथे वसंताच्या अखेरीस सरोवरावरचा बर्फ कधीकधी एका रात्रीत दिसेनासा होतो आणि तो तळाशी बुडाला, असे पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. जुन्याजाणत्या वाटाड्यांविषयी पूर्ण आदर राखूनही हे खोडून काढायला हवे. बर्फ पाण्यापेक्षा सुमारे ८ टक्के हलका असतो. तो कितीही झिजला तरी तरंगतच राहतो. घडते ते असे की, उन्हाने बर्फाच्या स्फटिकांमधले सांधे आधी वितळतात, एकसंध थराचे मेणबत्त्यांसारखे उभे, सुटे दांडे होतात, फटींत पाणी शिरते आणि पांढरा थर काळपट दिसू लागतो. या काळवंडण्यामुळेच बर्फ खाली चालल्याचा भास होतो. मग जोराचा वारा सुटला की हे दांडे किणकिणत मोडतात, काही काठावर ढिगाने लोटले जातात आणि उरलेले खालच्या किंचित उबदार पाण्यात घुसळून भराभर वितळतात. असा काळवंडलेला बर्फ फूटभर जाड असला तरी माणसाचे वजन पेलेलच असे नाही, म्हणून हंगामाच्या तोंडावर केवळ जाडी मोजून त्यावर पाऊल टाकू नये.