कलम ११ पासून दरमाणशी अनुदानापर्यंत: ब्रिटनमध्ये स्थलांतरितांसाठी कौन्सिलना मिळणाऱ्या पैशाची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये कोणाला येऊ द्यायचे हे केंद्र सरकार ठरवते. आलेल्यांना इंग्रजी शिकवणे, त्यांच्या मुलांना शाळेत जागा देणे, दुभाषा पुरवणे ही कामे मात्र स्थानिक कौन्सिलच्या अंगावर पडतात. या खर्चातला केंद्राचा वाटा किती आणि कोणत्या माणसांसाठी, हा वाद १९६६ पासून चालू आहे.

त्याआधी सरकारकडे पैशाची योजना नव्हती; होती ती मुले पांगवण्याची. एका शाळेत स्थलांतरितांची मुले एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावीत असे १९६५ च्या परिपत्रकाने सुचवले. ब्रॅडफर्ड आणि ईलिंगमध्ये लहान मुलांना बसमध्ये बसवून दूरच्या शाळांत नेले जाई. भाषेची अडचण त्याने सुटली नाही, ती फक्त अनेक शाळांत वाटली गेली.

१९६६ च्या स्थानिक शासन कायद्यातले कलम ११ हे पहिले थेट अनुदान. मजकूर एका परिच्छेदाचा, पण त्यातला प्रत्येक शब्द पुढे महाग पडला. ज्या कौन्सिलला आपल्या हद्दीतल्या ‘कॉमनवेल्थमधून’ (राष्ट्रकुल, म्हणजे मुख्यतः पूर्वीच्या ब्रिटिश वसाहतींतून) ‘आलेल्या’, ‘मोठ्या संख्येने’ राहणाऱ्या आणि ‘भाषा किंवा चालीरीती’ इतरांहून वेगळ्या असलेल्या स्थलांतरितांसाठी खास तरतूद करावी लागते, तिला हे अनुदान. तेही फक्त कर्मचारी नेमण्याच्या खर्चापुरते. सुरुवातीला केंद्राचा वाटा ५० टक्के होता, १९६९ पासून तो ७५ टक्के झाला. वरची मर्यादा नव्हती: कौन्सिलने पात्र पद भरले आणि आपला चौथा हिस्सा घातला की उरलेले तीन हिस्से केंद्र देई. म्हणूनच जिथे कौन्सिलला तो चौथा हिस्सा घालायची इच्छा नव्हती, तिथे गरज असूनही पैसा पोहोचला नाही.

‘फक्त कर्मचारी’ या अटीचा परिणाम लगेच दिसला. पुस्तके, वर्गखोली, प्रवासखर्च, छापील माहितीपत्रके यांतले काहीच बसत नसल्याने प्रत्येक गरजेला पदाचे रूप द्यावे लागे. बहुतांश पैसा शिक्षणात गेला, कारण शिक्षक हे सर्वांत सहज दाखवता येणारे पद होते.

खरा गुंता झाला तो ‘स्थलांतरित’ या शब्दाने. कायद्यात व्याख्या नव्हती. गृहखात्याने कामापुरती ठरवली ती अशी: कॉमनवेल्थमधल्या दुसऱ्या देशात जन्मलेली आणि ब्रिटनमध्ये येऊन दहा वर्षे न झालेली व्यक्ती, आणि अशा व्यक्तीची मुले. पटावरच्या मुलांपैकी किमान २ टक्के या व्याख्येत बसली की कौन्सिल पात्र.

हा दहा वर्षांचा नियम मोजून पाहावा. १९५५ मध्ये कॅरिबियनमधून आलेला कामगार, १९६६ चा कायदा झाला त्या दिवशीच, गणतीबाहेर होता. कॉमनवेल्थमधून येण्यावर १९६२ चे निर्बंध लागू होण्याआधी घाईने आलेली मोठी लाट १९७२ पर्यंत गळली. युगांडातून १९७२ मध्ये हाकलले गेल्यावर लेस्टरला आलेली कुटुंबे १९८२ मध्ये गळणार होती. आणि घरात फक्त पंजाबी किंवा सिल्हेटी (बांगलादेशातल्या सिल्हेट भागाची बोली) ऐकून पाच वर्षांचे झालेले मूल, आईवडिलांना येऊन बारा वर्षे झाली एवढ्याच कारणाने, मोजले जात नव्हते. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याला इंग्रजी येत नाही, पण कागदावर ते स्थलांतरिताचे मूल नाही. शिक्षिकेसमोर मात्र ते रोज बसलेले असे.

त्यात भर म्हणजे ज्या आकडेवारीवरून ते २ टक्के काढायचे, ती गोळा करणेच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले. त्यानंतर नवी वस्ती वाढलेल्या गावाला पात्रता सिद्ध करायला आधार उरला नाही आणि जुने पात्र मात्र पात्रच राहिले. कॉमनवेल्थची अटही तितकीच आंधळी होती. १९७९ पासून आलेले व्हिएतनामी निर्वासित तिच्यात बसत नव्हते, सोमाली कुटुंबेही नाहीत. कलम बदलण्यासाठी आणलेले विधेयक १९७९ च्या निवडणुकीत बुडाले.

१९८२ च्या परिपत्रकाने दहा वर्षांची आणि २ टक्क्यांची अट काढली, स्थानिक समाजांशी सल्लामसलत सक्तीची केली आणि प्रत्येक पद ओळखता आले पाहिजे असे सांगितले. या शेवटच्या अटीमागे जुने दुखणे होते. अनेक कौन्सिलनी पदे मंजूर करून घेतली होती, पण ती सगळ्या शाळांच्या सर्वसाधारण शिक्षकसंख्येत विरघळून गेली होती. कलम ११ ची शिक्षिका गैरहजर सहकाऱ्याचा गणिताचा तास घेते आहे आणि भाषेचा गट बसलेलाच नाही, हे चित्र अपवाद नव्हते. १९८६ मध्ये कामाचे लेखी वर्णन आणि देखरेख यांवर आणखी जोर आला. निधी वळवल्याबद्दल कौन्सिलना दोष द्यायलाच हवा. पण पुस्तकाला पैसा नाही आणि पदाला अमर्याद आहे अशी रचना केली की सगळे पदांच्या मागे धावणार, हेही तितकेच खरे.

१९९० च्या परिपत्रकानंतर, १९९२ पासून, पद सोडून प्रकल्प हा घटक झाला: उद्दिष्ट, मोजता येईल असे फळ, ठरावीक मुदत. शिस्त आली, पण तिची किंमत शिक्षकांनी मोजली. नेमणूक मुदतीची, आणि मुदतवाढीचा निर्णय शेवटच्या महिन्यांत. साहजिकच अनुभवी माणसे त्याआधीच कायम नोकरी शोधून निघून जात. भर इंग्रजीवर राहिला आणि मातृभाषा टिकवणे ही त्या त्या समाजाची जबाबदारी मानली गेली. मुलाच्या पहिल्या भाषेचा आधार घेऊनच दुसरी लवकर येते हे वर्गात शिकवणाऱ्यांना ठाऊक होते, तरी ही भूमिका घेतली गेली. माझ्या मते या कलमाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी चूक आहे.

१९९३ मध्ये दुरुस्ती होऊन कॉमनवेल्थची अट अखेर गेली. त्याच सुमारास केंद्राचा वाटा ७५ वरून ५७ टक्क्यांवर आला आणि पुढे ५० वर आणायचे जाहीर झाले. १०० पौंडांच्या पगारात कौन्सिलचा भाग २५ ऐवजी ४३ झाला, म्हणजे जवळजवळ पाऊणपटीने वाढला. पात्र माणसे वाढली आणि त्याच वेळी शिक्षक कमी झाले. १९९४ पासून निधीचा एक भाग शहरांच्या पुनरुज्जीवनाच्या एकत्रित योजनेत गेला, तिथे भाषेच्या वर्गाला रस्ते आणि इमारतींशी स्पर्धा करावी लागली.

शिक्षणाचा भाग १९९९ मध्ये वांशिक अल्पसंख्याकांच्या प्रगतीसाठीच्या वेगळ्या अनुदानात आला आणि २०११ मध्ये त्याची राखीव चौकट काढून तो शाळांच्या सर्वसाधारण निधीत मिसळला. राखीव शिक्का गेला की पैसा त्याच कामावर खर्च झाला का, हे कोणालाच दाखवावे लागत नाही. अनेक कौन्सिलची भाषा-साहाय्य पथके त्यानंतरच्या काही वर्षांत लहान झाली किंवा बंद पडली.

तोपर्यंत निधीच्या नावातली भाषाच बदलली होती. २००९ चा निधी ‘स्थलांतराच्या परिणामां’साठी होता. बाहेरून येणाऱ्यांच्या व्हिसा शुल्कावर ५० पौंड अधिभार लावून दोन वर्षांत ७ कोटी पौंड उभे करायचे होते. सरकार बदलल्यावर २०१० मध्ये तो निधी बंद झाला. २०१६ मध्ये ‘स्थलांतर नियंत्रणा’च्या नावाने चार वर्षांसाठी १० कोटी पौंड कौन्सिलपुढे ठेवले गेले. अर्जात आधीपासून राहणाऱ्यांना काय फायदा होईल हे दाखवणे महत्त्वाचे होते. नवे आलेले आता गरजू म्हणून नव्हे, तर भार म्हणून नोंदले जात होते.

सध्याची पद्धत मात्र घडली निर्वासितांच्या योजनांतून: दरमाणशी ठरलेली रक्कम. सीरियातून आणलेल्या प्रत्येक व्यक्तीमागे कौन्सिलला पहिल्या वर्षी ८,५२० पौंड, मग ५,०००, ३,७००, २,३०० आणि पाचव्या वर्षी १,०००, एकूण २०,५२०. प्रौढांच्या इंग्रजीसाठी दरमाणशी ८५० पौंड वेगळे. पहिले वर्ष जड असण्यामागे हिशेबाचे कारण आहे: आंतरराष्ट्रीय नियमांनुसार निर्वासितांवरचा पहिल्या बारा महिन्यांचा खर्च परकीय मदतीत धरता येतो. अफगाण कुटुंबांसाठी तीच २०,५२० ची बेरीज तीन वर्षांत आवळली गेली: १०,५००, ६,००० आणि ४,०२०. युक्रेनच्या योजनेत फक्त पहिले वर्ष उरले, १०,५०० पौंडांचे, आणि १ जानेवारी २०२३ पासून येणाऱ्यांसाठी ते ५,९०० झाले.

दरमाणशी पद्धतीत अर्ज आणि स्पर्धा नाही, हा मोठा दिलासा. अडचण अशी की आठवड्याला आठ तासांच्या इंग्रजीला बसायचे तर लहान मुलांना सांभाळणारे कोणी लागते, आणि तिथे विशेषतः आयांचे तास बुडतात. शिवाय दोन-तीन कुटुंबे घेणाऱ्या छोट्या कौन्सिलला एवढ्या रकमेत पूर्णवेळ दुभाषा परवडत नाही. शेजारच्या कौन्सिलशी मिळून पद भरणे हाच चालणारा उपाय आहे. आणि ज्यांना कोणत्याही योजनेने आणलेले नाही, जे कामाच्या किंवा कुटुंबाच्या व्हिसावर आले, त्यांच्यामागे अशी रक्कम येत नाही.

त्यांच्या मुलांसाठी इंग्लंडमध्ये उरते ती शाळांच्या निधीसूत्रातली भाषेची ओळ. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा असलेल्या मुलामागे ती जादा रक्कम देते, पण शाळाप्रवेशापासून तीन वर्षेच. १९६६ च्या दहा वर्षांपेक्षा ही मुदत बरीच आखूड. एक गोष्ट मात्र सुधारली: मोजणी आता आईवडील विमानातून उतरल्याच्या तारखेपासून नव्हे, तर मुलाने शाळेत पाऊल ठेवल्यापासून होते. त्यामुळे ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेले आणि घरी पंजाबीच ऐकून पाच वर्षांचे झालेले मूलही आता त्या ओळीत मोजले जाते.