पायऱ्या कुठे गेल्या?

पुण्याच्या कसब्यातून किंवा शनिवारातून जाताना जुन्या वाड्यांचे सज्जे आणि नक्षी पाहायला मान आपोआप वर जाते. पण वाडे का पडतात ते कळायला नजर खाली, जोत्यावर हवी. कितीतरी दारांना आता जेमतेम एक पायरी उरली आहे, काही उंबरे तर थेट रस्त्याला टेकलेत. दरवेळी वाडाच खचलेला असतो असं नाही. बऱ्याचदा रस्ता वर आलेला असतो. जुना थर न खरवडता त्यावर डांबराचा नाहीतर काँक्रीटचा नवा थर, वर्षानुवर्षं.

वाडे बांधणाऱ्यांनी पाण्याचा विचार पक्का केला होता. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यातून ओल सहसा वर येत नाही. सागवानी खांबही जमिनीला टेकवायचा नाही, त्याच्याखाली दगडी तळखडा. वरच्या भिंती विटांच्या, चुन्यात किंवा नुसत्या मातीत रचलेल्या. रस्ता चढला की पावसाचं पाणी जोतं ओलांडून थेट विटांना भिडतं, आणि कंदिलाची वात रॉकेल ओढते तशी वीट ते वर ओढून घेते.

उन्हाळ्यात अशा भिंतीजवळ वाकून पाहा. एक वेडावाकडा पांढुरका पट्टा दिसेल. त्यावर बोट फिरवलं की पिठासारखा खार हाताला लागतो, सोबत विटेची लाल भुकटी. हाच लोणा. पाणी माती-विटांतले क्षार घेऊन चढतं आणि जिथे सुकतं तिथे ते सोडून जातं. त्यांत सोडियम सल्फेट असेल तर भिंतीचं काही खरं नाही. ओल मिळाली की प्रत्येक रेणूमागे पाण्याचे 10 रेणू धरून त्याचे नवे स्फटिक बनतात, आणि त्यांना आधीच्या तिपटीहून जास्त जागा लागते. विटेच्या बारीक छिद्रांत ती नसते, म्हणून विटेचे पापुद्रे सुटतात.

लोणा दिसला की त्यावर सिमेंटचा गिलावा मारायची पद्धत पडली आहे. माझ्या मते वाड्याचं सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं. चुन्याच्या गिलाव्यातून ओल वाफ होऊन निघून जाते, सिमेंटमधून फारच कमी. मग ती भिंतीतच आणखी वर चढते आणि आत दडलेल्या खांबांना गाठते. लाकडातली ओल बराच काळ 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी लाकूड खाऊ लागते. बाहेरून भिंत रंगवलेली, गुळगुळीत असते, आणि आतला खांब पोखरत जातो. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरून मातीच्या भिंती ढासळल्या होत्या. ते निदान सगळ्यांना दिसलं होतं.

सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावता येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू दगडासारखा घट्ट होतो, त्याला काही महिने द्यावे लागतात. पण बाहेरचा रस्ता खरवडून मूळ पातळीला आणला नाही, तर त्या चुन्यालाही लोणा लागेल.