१६ पौंडांचा हिशेब

खानापूर, निपाणी, चिकोडी भागात यात्रेच्या मैदानात कुस्ती लावताना जाणती माणसं आधी दोन्ही पैलवान नीट निरखतात. अंगापिंडात फार फरक दिसला की "जोड जमत नाही" म्हणून दुसरा गडी शोधतात. बॉक्सिंगनं ही पारख वजनकाट्यावर सोपवली. पण थोर बॉक्सरांपैकी मोठा कोण, असा वाद रंगला की आपण फक्त हार-जीत मोजतो. हा हलक्या गड्यावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

शुगर रे रॉबिन्सन आणि जेक लामोटा हे दोन अमेरिकी बॉक्सर १९४२ ते १९५१ या काळात सहा वेळा भिडले. पाच लढती रॉबिन्सननं जिंकल्या. लामोटाची एकमेव जीत डेट्रॉइटमधली, ५ फेब्रुवारी १९४३ ची. रॉबिन्सनचा तो पहिलाच व्यावसायिक पराभव. त्या दिवशी रॉबिन्सन १४४.५ पौंडांचा होता आणि लामोटा १६०.५ पौंडांचा. म्हणजे साडेपासष्ट किलोपुढे जवळपास त्र्याहत्तर किलो. फरक १६ पौंडांचा, साधारण ११ टक्के.

स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. वजन मात्र घनफळाप्रमाणे वाढतं. म्हणून एकाच ठेवणीच्या दोघांत वजन ११ टक्क्यांनी जास्त असलं, तरी ताकद साधारण ७ टक्क्यांनीच जास्त भरते. किलोमागे ताकद हलक्याचीच जास्त, त्याची चपळाई इथूनच येते. पण दोघे अंगाला भिडले की गणित उलटतं. जड गडी ७ टक्के जादा जोर लावतो, तोही आपल्यापेक्षा १० टक्के हलक्या शरीरावर. हलक्याला मात्र कमी जोरात जास्त ओझं हटवायचं असतं. दोन्ही बाजू धरल्या तर एकमेकांना रेटण्यात सुमारे १९ टक्क्यांची तफावत पडते. हिशेब ढोबळ आहे, हातांची लांबी आणि कसब त्यात धरलेलं नाही. तरी दहा फेऱ्या ही तफावत अंगावर झेलणं सोपं नाही. हेच १६ पौंड २४० पौंडांच्या हेवीवेटसमोर ७ टक्केही भरत नाहीत. त्यामुळे फरक पौंडांत नव्हे, टक्क्यांत बघावा.

१४ फेब्रुवारी १९५१ ला शिकागोत रॉबिन्सन १५५.५ पौंडांचा होता, लामोटा १६०. फरक उरला साडेचार पौंडांचा, आणि तेराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवून रॉबिन्सनला विजयी ठरवलं. सगळं श्रेय वजनाला देता येणार नाही, पण त्याला वगळून या सहा लढती समजतही नाहीत.

आजच्या लढतींत आणखी एक अडचण आहे. वजन आदल्या दिवशी होतं, मग पाणी आणि अन्न घेऊन शरीर पुन्हा भरतं. फेब्रुवारी २००० मध्ये आर्तुरो गॅटी आणि जोई गमाश यांच्या लढतीची वजनमर्यादा १४१ पौंड होती. रिंगणात उतरताना टीव्हीवाल्यांच्या काट्यावर गॅटी १६० भरला, गमाश १४५. दुसऱ्याच फेरीत गमाश कोसळला आणि त्याची कारकीर्द तिथंच संपली. नोंदवहीत मात्र दोघं एकाच वजनी गटातले आहेत.