फ्रीझरमध्ये बाटलीबंद पेये थंड करणे

बाटलीबंद पेय लवकर गार व्हावे म्हणून बाटली काही वेळ फ्रीझरमध्ये ठेवण्याची घरगुती रीत. घरगुती फ्रीझरचे तापमान साधारणपणे −१८° से. असते आणि सरबत, शीतपेय, बिअर व वाइन ही सर्व पेये त्याच्या बऱ्याच वरच्या तापमानाला गोठतात. म्हणून आत विसरलेली बाटली कधी ना कधी गोठतेच. नाशिकच्या वैशाखात, पाहुणे दारात आणि बाटली कोमट अशा वेळी, हे विसरणे सहज घडते.

पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. गळ्यापर्यंत भरलेल्या, घट्ट बूच बसवलेल्या काचेच्या बाटलीत या वाढीला जागा नसल्याने काच तडकते. प्लॅस्टिकची बाटली फुगते आणि कॅन फाटतो. सोडा, बिअर आणि फसफसणाऱ्या वाइनमध्ये आणखी एक भर पडते: पाणी गोठू लागले की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बर्फात सामावत नाही, तो उरलेल्या द्रवात आणि वरच्या पोकळीत कोंडून दाब वाढवतो. अशा बाटल्या फ्रीझरमध्ये न ठेवणेच बरे.

दिंडोरीकडच्या किंवा गंगापूर धरणाच्या परिसरातील वाइनरीतून आणलेल्या बाटलीत अल्कोहोल सुमारे १२ ते १३ टक्के असते आणि अशी वाइन −५° ते −६° से.च्या आसपास गोठू लागते. पांढऱ्या वाइनला ८° ते १२° से. एवढाच गारवा पुरतो. खोलीच्या तापमानाची ७५० मिलिलिटरची बाटली तिथवर यायला फ्रीझरमध्ये तासभर लागू शकतो, तेव्हा गजर लावावा आणि अधूनमधून हात लावून पाहावे. सुमारे ४० टक्के अल्कोहोलची मद्ये मात्र या फ्रीझरमध्ये गोठत नाहीत.

खरे तर घाई असेल तेव्हा फ्रीझरपेक्षा बर्फ-पाण्याची बादली बरी. पाणी हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेते. शिवाय बर्फाच्या पाण्यात मूठभर खडे मीठ टाकले की ते शून्याखाली उतरते. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटात बर्फाबरोबर मीठ घालतात, ते याच कारणासाठी. मात्र हे पाणीही शून्याखालचे असल्याने बाटली त्यात पडून राहू देऊ नये.

गोठलेली बाटली लगेच उघडू नये आणि तिच्यावर गरम पाणीही ओतू नये, कारण तापमानाच्या धक्क्याने काच फुटते. ती जाड कापडात गुंडाळून, पातेल्यात उभी करून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळू द्यावी. वाइनच्या तळाशी नंतर चकचकीत खडे दिसले, तर ते बहुधा पोटॅशियम बायटार्टरेटचे (वाइनमधल्याच एका क्षाराचे) असतात आणि अपायकारक नसतात. पण बाटलीला बारीकसाही तडा असेल, तर ते खडे काचेचा चुरा समजून सगळी वाइन ओतून द्यावी, गाळून पिण्याचा मोह करू नये.