तोंड उघडत नाही: दुखणं सांध्याचं की सुपारीचं?

वडापाव हातात घ्यावा आणि तो चावण्याएवढं तोंडच उघडू नये. या तक्रारीमागे दोन अगदी वेगळे आजार असू शकतात. दोन्हींत माणूस एकच वाक्य बोलतो, "तोंड पूर्ण उघडत नाही," आणि दोन्हींत घरच्यांचा सल्लाही एकच असतो: शेक दे, बाम लाव, जबडा चोळ. एकाला त्याने आराम पडतो. दुसऱ्याचे त्यात महिने जातात, आणि त्याच्याजवळ घालवायला महिने नसतात.

पहिला आजार जबड्याच्या सांध्याचा. कानाच्या भोकाच्या जरा पुढे बोट ठेवून तोंड उघडा, मिटा. बोटाखाली सरकतो तो हा सांधा. दातांचे डॉक्टर त्याला टीएमजे म्हणतात. तो नुसता बिजागरीसारखा फिरत नाही, तोंड मोठं उघडताना पुढेही सरकतो. दोन हाडांच्या मध्ये एक छोटी चकती असते. ती जागेवरून पुढे निसटली, की तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि "कट्" असा आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुतेकांना उपचार लागत नाहीत. पण रोजचा आवाज अचानक थांबला आणि त्याच दिवसापासून तोंड कमी उघडू लागलं, तर दुखणं बरं झालेलं नाही; चकती अडकून बसली आहे. पुष्कळांच्या बाबतीत तर सांधा धड असतो, दुखतात ते चावण्याचे स्नायू. झोपेत दात खाणं आणि दिवसभर कामाच्या ताणात दातावर दात दाबून बसणं ही त्याची नेहमीची कारणं. हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त दिसतो.

दुसरा आजार गालाच्या आतला. ओरल सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीतल्या अरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे तंतू साठत जातात आणि मऊ, ताणलं जाणारं अस्तर हळूहळू चामड्यासारखं घट्ट होतं. सांधा फिरायला तयार असतो, गालच सोडत नाही. 1952 साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन करून त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. म्हणजे गुटख्याच्या पुड्या घरोघर पोचण्याच्या कितीतरी आधीपासून हा आजार आपल्या माणसांत आहे. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण विदर्भातला खर्रा आणि इतरत्रचा मावा यांतही मुख्य माल सुपारीच. "मी तंबाखू खात नाही, साधी सुगंधी सुपारी खातो," हे वाक्य ऐकलं की फार वाईट वाटतं. हा आजार व्हायला तंबाखू लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

आता ओळखायचं कसं? आपलीच तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून बघतात. ती जात नसतील तर तोंड कमी उघडतंय एवढंच कळतं, का ते कळत नाही. त्यासाठी ठेचा आठवा. सांधेदुखीवाल्याला ठेचा पूर्वीसारखाच लागतो, त्याला त्रास होतो भाकरी चावताना. फायब्रोसिसमध्ये उलट: तोंड आखडण्याच्या आधीच तिखटाने आग होऊ लागते, अगदी साधी आमटीही झोंबते. सांधा दुखतो, कानशिलापर्यंत ठणकतो, म्हणून माणूस डॉक्टर गाठतो. फायब्रोसिस फारसा दुखत नाही, आणि म्हणूनच उशीर होतो.

आरशात बघत तोंड उघडा. सांध्याची चकती अडकली असेल तर हनुवटी दुखऱ्या बाजूला वळते. फायब्रोसिसमध्ये सहसा ती सरळच खाली येते, पण थोडीच. मग टॉर्च लावून गाल आतून बघा. गुलाबी अस्तराच्या जागी पांढुरके, फिकट चट्टे दिसतात का, आणि स्वच्छ बोट फिरवल्यावर उभ्या दोऱ्या हाताला लागतात का? शिट्टी वाजवणं, गाल फुगवणं, जीभ पूर्ण बाहेर काढणं जड जातं का? सांध्याच्या दुखण्यात यातलं काही नसतं. शिवाय सांध्याचं दुखणं कमीजास्त होतं, परीक्षेच्या दिवसांत वाढतं, सुट्टीत उतरतं. फायब्रोसिस आपोआप मागे फिरत नाही.

दिवसभर खर्रा चघळणाऱ्याचे स्नायूही थकून दुखतात, हा मोठा घोटाळा. दुखतंय म्हणजे सांधाच, असं धरून गाल न बघता सोडून देणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

सांध्याचा त्रास बहुतेकदा शस्त्रक्रियेशिवाय आटोक्यात येतो. काही आठवडे खिचडी, मऊ भात असं खाणं, कोमट शेक, जांभई येताना हनुवटीखाली हात, ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवण्याची सवय, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम आणि गरज पडली तर रात्रीचा स्प्लिंट, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच. यासाठी कोणी पहिल्याच भेटीत धड असलेले दात यंत्राने झिजवून वरखालच्या दातांची ठेवण बदलू म्हणालं, तर आधी दुसरा सल्ला घ्या.

फायब्रोसिसमध्ये पहिलं औषध म्हणजे सुपारी कायमची बंद. बडीशेपेत मिसळलेलीसुद्धा. त्याच्या जोडीला दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकेक वाढवत तोंड उघडण्याचा व्यायाम, गालात इंजेक्शनं, आजार फार पुढे गेला असेल तर शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरही महिनोन्महिने व्यायाम. गाल पूर्ववत होत नाही, पण वेळेवर थांबलं तर जेवता येईल एवढं तोंड राखता येतं. काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो, म्हणून तपासणी आयुष्यभर. दोन आठवड्यांत न भरणारी जखम लगेच दाखवायची.

ताप, सूज आणि गिळायला त्रास, जखमेनंतर बसलेली दातखिळी, किंवा चालताना, जिना चढताना जबड्यात येणारी कळ, जी हृदयाचीही असू शकते, यांत घरी थांबूच नका.

एरवी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या विभागात जा. तिथे दिवसाला किती पुड्या, किती वर्षं आणि कोणत्या गालात धरता, हे न विचारताच सांगा. सोबत घरचं कोणी असेल आणि संकोच वाटत असेल, तर त्यांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा.