दोन्ही चुंगड्यांवर 46

"युरियातबी 46, डीएपीतबी 46, मंग फरक काहून?" पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रात हा प्रश्न हमखास निघतो. पण हे दोन 46 टक्के एका मापाचे नाहीत: युरियातले नत्राचे (नायट्रोजन), डीएपीतले (डायअमोनियम फॉस्फेट) स्फुरदाचे.

युरियाचा हिशोब सरळ आहे. सूत्र CO(NH2)2. एका रेणूत कार्बन 1, ऑक्सिजन 1, नायट्रोजन 2 आणि हायड्रोजन 4 अणू. अणुवस्तुमानं अनुक्रमे 12, 16, 14, 1. बेरीज 12+16+28+4, म्हणजे 60. त्यात नायट्रोजन 28. 28 भागिले 60, गुणिले 100, म्हणजे 46.67 टक्के. ओलावा आणि निंबोळी तेलाचा लेप धरून चुंगडीवर 46. पोरं कंसाबाहेरचा 2 फक्त हायड्रोजनला लावतात आणि नत्र 30.4 टक्के काढतात. सगळ्या टक्क्यांची बेरीज 100 आली म्हणून खूश होऊ नका, चुकीच्या सूत्राचीही 100च येते. आधी अणू मोजा.

45 किलोच्या चुंगडीत 20.7 किलो नत्र. नॅनो युरियाच्या 4 टक्के नत्राच्या अर्ध्या लिटर बाटलीत जेमतेम 20 ग्रॅम. 'एक बाटली म्हणजे एक चुंगडी' म्हणणाऱ्याला हा भागाकार करायला लावा.

आता डीएपी. रेणूत नायट्रोजन 2, हायड्रोजन 9, फॉस्फरस 1, ऑक्सिजन 4: 28+9+31+64 म्हणजे 132. फॉस्फरस 31 भागिले 132, फक्त 23.5 टक्के. अगदी शुद्ध डीएपीतही 46 टक्के फॉस्फरस बसतच नाही! चुंगडीवरचं 'स्फुरद' हे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेलं असतं. त्याच्या 142 भागांत फॉस्फरस 62, म्हणजे 43.7 टक्के. डीएपीत हा ऑक्साइड नावालाही नसतो; क्षार ऑक्साइडच्या रूपात मांडायची जुन्या रसायनशास्त्रज्ञांची रीत तेवढी टिकली. पोटॅशची गंमत तर याहून भारी: पोटॅशियम क्लोराइडमध्ये ऑक्सिजनच नाही, पोटॅशियम 52.4 टक्के, तरी चुंगडीवर पालाश 60, कारण तोही पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात मोजतात! नत्र मात्र निव्वळ मूलद्रव्य म्हणूनच मोजतात.

म्हणून डीएपीच्या 50 किलोंत स्फुरद 23 किलो, पण फॉस्फरस 10 किलोच. आपल्याकडच्या खतमात्रा स्फुरदातच असतात, तेव्हा तिथे पुन्हा रूपांतर करू नका. एकरी 20 किलो स्फुरद हवं तर 20 भागिले 0.46, म्हणजे 43.5 किलो डीएपी. तोच आकडा फॉस्फरस समजून 2.29 ने (142 भागिले 62) गुणला, की डीएपी 100 किलोंच्या घरात जातं. शिवाय त्या 43.5 किलोंतून 18 टक्क्यांनी 7.8 किलो नत्रही पडतं. ते वजा करायचं विसरलं, की एकरी 17 किलो युरिया जास्तीचा पडलाच.