रिपीटर आणि ॲक्सेस पॉइंट यांतला फरक

मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही, अशी तक्रार असली की बाजारात रिपीटर आणि ॲक्सेस पॉइंट अशी दोन उपकरणे समोर येतात. दोन्ही वायफायची पोच वाढवतात, त्यामुळे ती एकच समजली जातात. मात्र रिपीटर राउटरचा सिग्नल हवेतून घेतो, तर ॲक्सेस पॉइंटला तो केबलने मिळतो, आणि पुढचे सारे फरक यातूनच निघतात.

रिपीटरमध्ये एकच रेडिओ असेल, तर तीच माहिती त्याच चॅनेलवर (रेडिओ लहरींच्या त्याच पट्ट्यावर) आधी घ्यावी आणि मग पुन्हा पाठवावी लागते, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय रिपीटर सिग्नल नसलेल्या खोलीत लावून उपयोग नाही. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात तर त्याच्यासाठी योग्य जागा शोधण्यातच दिवस जातो.

ॲक्सेस पॉइंटसाठी राउटरपासून कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल ओढावी लागते. हे काम कटकटीचे खरे, पण १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग त्या टोकाला मिळतो आणि मधल्या भिंतींचा प्रश्नच उरत नाही. तिथेच एक छोटा स्विच (एका केबलवर अनेक उपकरणे जोडणारा डबा) बसवला, तर टीव्ही आणि डेस्कटॉपही केबलवर घेता येतात. केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या नीट जोडून घ्याव्यात, कारण दोनच जोडल्या तर वेग १०० मेगाबिटवर अडतो आणि दोष उगाच इंटरनेट कंपनीला दिला जातो.

घरात जुना राउटर पडून असेल, तर तोही ॲक्सेस पॉइंट होऊ शकतो, मात्र इथेच बहुतेकांची चूक होते. केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या खाचेत) खोचली, तर तो मुख्य राउटरच्या पोटात स्वतःचे वेगळे नेटवर्क थाटतो आणि एका खोलीतला प्रिंटर दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपला सापडत नाही. म्हणून आधी त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला ओळख क्रमांक) बदलावा (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्यावा), त्यातले डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करावे आणि मगच केबल लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडण्याच्या खाचेत) लावावी. वायफायचे नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवावेत, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल मात्र वेगळे, म्हणजे १, ६ किंवा ११ यांपैकी निवडावेत.

भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल आणि गरज फोनवर बातम्या वाचण्यापुरतीच असेल, तर माझ्या मते रिपीटर पुरेसा आहे.